हवेची बंदूक आणि तिचा पंप

जत्रेंतील फुगे फोडण्याची बंदूक बहुतेकांच्या परिचयाची आहे. नळी मोडून खालीं दाबली कीं आंतील स्प्रिंग दाबली जाते; छर्रा घालून चाप ओढतांच दट्ट्या पुढें धांवतो आणि त्याच्यापुढची हवा क्षणार्धांत दाबली जाऊन छर्‍याला ढकलून देते. या बंदुकींत हवा साठविलेली नसते, ती दर वेळीं नव्यानें दाबावी लागते. हवेच्या बंदुकांची दुसरी एक जात मात्र अगदीं निराळी आहे. तिच्या पोटांत एक मजबूत टाकी असते, ती आधींच अतिशय दाबाच्या हवेनें भरून ठेवतात, आणि प्रत्येक बाराला त्या सांठ्यांतील थोडी थोडी हवा खर्च होते. दारू नाहीं, धूर नाहीं, ठिणगी नाहीं, आणि पावसानें भिजून बार फुकट जाण्याचीहि भीति नाहीं. इतके गुण एकत्र असूनहि ही बंदूक दोनशें वर्षें रणांगणावर कां टिकली नाहीं, या प्रश्नाचें उत्तर बंदुकीच्या नळींत शोधून मिळत नाहीं. तें तिच्या पंपांत आहे.

पुढील विवेचनासाठीं दाबाचें माप आधीं समजून घेतलें पाहिजे. समुद्रकिनार्‍यावर भोंवतालच्या हवेचा जो भार आपल्या अंगावर असतो त्याला एक वातावरण म्हणतात. हा भार दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम पडतो. मोटारीच्या चाकांत बाहेरच्या हवेपेक्षां दोन-सवादोन वातावरणें अधिक दाब असतो. आज ज्या यंत्रांनीं हवेच्या बंदुका भरतात त्यांच्या तबकडीवर ‘बार’ हें माप लिहिलेलें असतें. तें वातावरणाच्या इतकें जवळचें आहे कीं येथें दोन्ही एकच मानण्यास हरकत नाहीं.

हवा पकडतां येते, दाबतां येते आणि मोजतां येते, हें ज्ञान युरोपांत सतराव्या शतकांत पक्कें झालें. मागडेबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके यानें १६५० च्या सुमारास हवा उपसण्याचा पंप तयार केला. इंग्लंडांत रॉबर्ट बॉइल यानें रॉबर्ट हूकच्या साहाय्यानें तसाच पण अधिक सोईचा पंप बनविला, आणि हवेचें आकारमान निम्मे केलें तर तिचा दाब दुप्पट होतो हा नियम १६६२ सालीं प्रसिद्ध केला. दट्ट्या, नळकांडें आणि एकाच बाजूस उघडणारी झडप हीं तीन अंगें एकदां सांपडल्यावर तोच पंप उलटा चालवून हवा कोंडणें अवघड नव्हतें. जर्मन संस्थानिकांच्या शिकारखान्यांत अशा बंदुका लवकरच दिसूं लागल्या. हेस-डार्मस्टाटचा लँडग्रेव्ह आठवा लुडविग हा तर सांबरासारखीं मोठीं जनावरें हवेच्या बंदुकीनें मारीत असे. परंतु राजाच्या शिकारींत पंप मारण्यास चाकर असतात आणि हरिण कांहीं उलट गोळी झाडीत नाहीं. खरी कसोटी पुढें होती.

ती कसोटी ऑस्ट्रियाच्या सैन्यांत लागली. टिरोलच्या डोंगराळ मुलुखांतील कोर्तिना द’आंपेत्सो या गांवीं १७४४ मध्यें जन्मलेला बार्तोलोमेओ जिरार्दोनी हा घड्याळांच्या नाजूक कामांत मुरलेला कारागीर. त्यानें रचलेली हवेची बंदूक १७८० च्या सुमारास सम्राट दुसरा जोसेफ याच्या फौजेनें स्वीकारली. चार फूट लांब आणि सुमारें साडेचार किलोग्रॅम वजनाच्या या बंदुकीचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती. ठोकलेल्या लोखंडी पत्र्याची, रिव्हेट मारून सांधे पितळेनें झाळलेली, निमुळत्या आकाराची. नळीच्या कडेला दुसरी एक बारीक नळी असून तींत शिशाच्या वीस गोळ्या बसत. बंदुकीचें तोंड वर करावें आणि आडवा सरकणारा ठोकळा अंगठ्यानें दाबून सोडावा, कीं एक गोळी आपल्या भारानें खालीं घसरून जागेवर येई. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीनें सराईत शिपाई मिनिटास तीन, फार तर चार बार काढी. येथें वीसच्या वीस गोळ्या मिनिटाच्या आंत-बाहेर झाडतां येत. शिपायाला जमिनीवर पडून भरतां येई आणि धुरामुळें त्याची जागा शत्रूला कळत नसे. आवाज मुळींच नसे असें कांहींजण लिहितात, तें खरें नव्हे. पण दारूच्या बाराच्या मानानें तो थोडा होता.

आतां या चित्राची दुसरी बाजू. एक टाकी पूर्ण भरण्यास हातपंपाचे सुमारें दीड हजार हेलकावे लागत, आणि त्या टाकींत ५० ते ५५ वातावरणांचा दाब होई. हा आकडा ऐकून पंप करणारा कारागीर अडाणी असावा असें वाटण्याचा संभव आहे. पण साधा हिशेब केला तर त्याच्यापुढें दुसरा मार्ग नव्हता हें दिसून येतें. मनुष्य आपलें सारें अंग पंपावर टाकूं शकतो, म्हणजे साठ किलोग्रॅमचा भार. समोर ५५ वातावरणांचा दाब असेल तर तेवढ्या भारानें एक चौरस सेंटिमीटरच्या आसपासचाच दट्ट्या खालीं जाईल. त्याहून जाड दट्ट्या शेवटीं शेवटीं जागचा हलणार नाहीं. म्हणजे पंपाची नळी अंगठ्याहूनहि बारीक ठेवणें भाग. असा दट्ट्या एका हेलकाव्यांत तीस सेंटिमीटर चालला तर तीस घनसेंटिमीटर हवा आंत ढकलतो. टाकी पाऊण लिटरची धरली तर तींत ५५ वातावरणांपर्यंत मावणारी हवा एकेचाळीस लिटरांहून थोडी अधिक होते. तिला तिसानें भागिलें कीं पावणेचौदाशें हेलकावे येतात. कांहीं हवा गळते, कांहीं पोकळींत अडकते. दीड हजारांचा आकडा असा सहज जुळतो. मिनिटास चाळीस हेलकावे न थांबतां मारले तरी एका टाकीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागे. प्रत्येक शिपायाजवळ जादा टाक्या असत, त्याहि भराव्या लागत. म्हणून सैन्याबरोबर गाड्यांवर बसविलेले मोठे पंप ठेवण्याची व्यवस्था करण्यांत आली.

पोकळी हा शब्द वर सहज येऊन गेला. पण उच्च दाबाच्या पंपांत सर्वांत मोठा शत्रु तोच आहे. दट्ट्या तळाला टेकला तरी त्याच्या आणि झडपेच्या मध्यें किंचित् जागा उरते. त्या जागेंत अडकलेली दाबाची हवा टाकींत न जातां दट्ट्या वर येतांना पुन्हा फुगते आणि बाहेरच्या ताज्या हवेची वाट अडविते. तीस सेंटिमीटर चालीच्या पंपांत अवघी अर्ध्या सेंटिमीटरएवढी पोकळी राहिली तरी साठ वातावरणांपलीकडे तो पंप कितीहि घाम गाळला तरी जाणार नाहीं. वॉशर थोडें झिजलें, चामडें सुकून आकसलें, झडपेखालीं वाळूचा एक कण बसला, कीं मर्यादा आणखी खालीं येते. जिरार्दोनीच्या काळीं रबरी कडीं नव्हतीं. हवा अडवीत असे तें चामडें, आणि तें सतत ओलसर, फुगलेलें ठेवावें लागे. छावणींतील थंडींत व उन्हांत, घाईगर्दीच्या कूचांत ही निगा कोण घेणार?

फौजेचा अनुभव याच क्रमानें कडू होत गेला. १७८८ ते १७९१ च्या तुर्कांविरुद्धच्या युद्धांत आणि त्यानंतर फ्रेंचांशीं झालेल्या लढायांच्या काळांत या बंदुका सैन्याबरोबर होत्या. टाक्यांचे झाळलेले सांधे गळत. टाकी दगडावर आपटली कीं निकामी होई. साध्या शिपायाला ही बंदूक वापरण्यास शिकविणें आणि मोडल्यास ती दुरुस्त करणें हीं दोन्ही कामें खास माणसांवांचून होत नसत. त्यांतच टाकी भरलेली असतां पहिली गोळी जितक्या जोरानें जाई तितक्या जोरानें तिसावी जात नसे, म्हणून शिपायाला आपली गोळी कितवी आहे हें ध्यानांत ठेवून नेम धरावा लागे. तीसएक बारांनंतर टाकी बदलणें प्राप्त होई. अशी बंदूक बाळगणार्‍या कैद्यांना फ्रेंच ठार मारीत अशी आख्यायिका मोठ्या आवडीनें सांगितली जाते. या बंदुकीला खरोखर मारलें तें मात्र तिच्याच वॉशरांनीं आणि सांध्यांनीं. जिरार्दोनी १७९९ मध्यें वारला. १८१५ च्या सुमारास त्याच्या बंदुका सैन्यांतून पूर्णपणें गेल्या होत्या.

ज्या ठिकाणीं एकच बंदूक होती, सवड होती आणि हाताशीं कुशल कारागीर होता, तेथें तिची कथा निराळी झाली. अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेण्यासाठीं मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क यांची जी मोहीम निघाली, तींत लुइसनें हवेची एक बंदूक नेली होती. ३० ऑगस्ट १८०३ रोजीं पिट्सबर्गजवळ नदींतील एका बेटावर त्यानें ती जमलेल्या लोकांना दाखविली आणि पंचावन्न यार्डांवर सात बार केले. नंतर एका अननुभवी गृहस्थाच्या हातून बार आपोआप सुटला आणि चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या टोपीतून जाऊन गोळीनें तिच्या कानशिलाला जखम केली. ती मेलीच असें सर्वांना वाटलें. सुदैवानें जखम वरवरची निघाली. पुढें मिसूरी नदीच्या कांठीं भेटणार्‍या मूळ रहिवाश्यांना थक्क करण्यासाठीं ही बंदूक अनेकदां झाडण्यांत आली. मूठभर माणसांजवळ दारूवांचून चालणारी शस्त्रें किती असतील याचा पाहणारांना अंदाज येऊं नये हाच त्यांतील डाव असला पाहिजे. १८०५ च्या जून महिन्यांत तिची मुख्य स्प्रिंग बदलावी लागली, तें काम मोहिमेबरोबरच्या जॉन शील्ड्स या लोहारानें केलें. असा लोहार ऑस्ट्रियाच्या प्रत्येक तुकडीस मिळता तर कदाचित् इतिहास थोडा लांबला असता.

यानंतर हवेच्या बंदुकीला ज्याची गरज होती तो पंप दुसर्‍याच कामासाठीं निर्माण झाला. गंमत अशी कीं आरंभ पुन्हा ऑस्ट्रियाच्याच राज्यांत झाला. एड्रियाटिक किनार्‍यावरील फ्यूमे बंदरांत रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज एंजिनियरनें १८६६ सालीं आपला पाणतीर तयार केला. तो दाबलेल्या हवेवर चाले, आणि पहिल्या पाणतीराच्या टाकींत दाब होता अवघा पंचवीस वातावरणें, म्हणजे जिरार्दोनीच्या दस्त्यांतील दाबाच्या निम्म्याहूनहि कमी. पण आतां दट्ट्यामागें मनुष्याचें अंग नव्हतें, वाफेचें एंजिन होतें; आणि पैसा आरमाराचा होता. पाणतीर लांब जावा म्हणून दाब वाढवीत नेणें सुरू झालें आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तो शंभराच्या पलीकडे गेला. इकडे कार्ल फॉन लिंडे यानें १८९५ मध्यें हवा द्रवरूप करण्याच्या आपल्या कृतींत दोनशें वातावरणांचा दाब वापरला. १९४३ मध्यें कूस्तो व गान्यां या दोघां फ्रेंचांनीं पाणबुड्यांसाठीं श्वासयंत्र सिद्ध केलें, आणि पुढें जगभर किनार्‍याकिनार्‍यावर पाणबुड्यांचीं नळकांडीं भरणारे काँप्रेसर आले. १९८० च्या सुमारास इंग्लंडांतील कारागिरांनीं साठविलेल्या हवेची बंदूक पुन्हां बाजारांत आणली तेव्हां ती या पाणबुड्यांच्या नळकांड्यांवर जगली.

या सर्व काँप्रेसरांचें मर्म एकच आहे: सारा दाब एका उडींत वाढवावयाचा नाहीं. जाड दट्ट्यानें हवा सहा वातावरणांपर्यंत दाबावी, ती थंड करावी. त्याहून बारीक दट्ट्यानें तिला पुन्हां सहापट करावें, पुन्हां थंड करावें. तिसर्‍या, सर्वांत बारीक दट्ट्यानें आणखी सहापट. सहा गुणिले सहा गुणिले सहा म्हणजे दोनशें सोळा. पोकळीचा उपद्रव प्रत्येक टप्प्यांत सहापटीपुरताच राहतो. थंड करण्याचें महत्त्व तर याहूनहि मोठें आहे. तीस अंश उष्णतेची हवा एकदम दोनशें सोळापट दाबली आणि तिची उष्णता बाहेर जाऊं दिली नाहीं, तर गणितानें ती अकराशें अंशांवर चढते. लोखंड लाल करणारी ही उष्णता आहे. सहापटींच्या एका टप्प्यांत ती सव्वादोनशें अंशांच्या जवळपास थांबते. स्वीडनमध्यें गेल्या शतकाच्या शेवटीं याच तत्त्वावर तीन टप्प्यांचा हातपंप निघाला, आणि एकटा मनुष्य दोनशें वातावरणांपर्यंत बंदूक भरूं लागला. जिरार्दोनीच्या शिपायाच्या चौपट दाब, तोहि तेवढ्याच अंगबळानें.

आज ज्याला असा काँप्रेसर घ्यावयाचा असेल त्यानें तबकडीवरील सर्वांत मोठ्या आकड्याला भुलूं नये. तीनशें बारपर्यंत जाणारें यंत्र स्वस्तांतहि मिळतें; प्रश्न तें तेथें किती वेळ टिकतें हा आहे. मोटारीच्या बॅटरीवर चालणारीं लहान यंत्रें बंदुकीची अर्ध्या लिटरहूनहि लहान टाकी भरण्यापुरतीं केलेलीं असतात. त्यांना पाणबुड्याचें दहा लिटरांचें नळकांडें भरावयास लावणें म्हणजे शिंगराला नांगराला जुंपणें होय. दट्ट्याचीं कडीं जळतात आणि दोष मात्र यंत्राला मिळतो. बादलींतील पाणी फिरवून थंड ठेवावयाचीं यंत्रें मधल्या कामाला बरीं, पण पाणी फिरतें आहे कीं नाहीं याकडे डोळा हवा. नेमबाजीच्या मंडळानें, जेथें रोज अनेक टाक्या भरावयाच्या असतात तेथें, तीन किंवा चार टप्प्यांचें पाणबुड्यांचें यंत्रच घ्यावें. पहिला खर्च जड वाटतो, पुढें वाटत नाहीं. उष्णतेचा कांटा, जादा दाबानें फुटून हवा सोडणारी सुरक्षा-चकती आणि पाणी सोडण्याची झडप या तीन गोष्टी नसतील तें यंत्र कितीहि स्वस्त असलें तरी दाराबाहेरच ठेवावें.

तेलाविषयीं हेळसांड जिवावर बेतते. मोटारीच्या एंजिनांतील तेल या नळकांड्यांतील उष्णतेंत जळतें, झडपांवर काजळीचे थर बसवितें, आणि दाबाखालीं तेलाची वाफ व हवा यांचें मिश्रण पेट घेऊं शकतें. डीझेल एंजिन चालतें तें याच तत्त्वावर. उच्च दाबाच्या काँप्रेसरासाठीं केलेलें तेलच घालावें, पहिलें तेल थोड्याच तासांत बदलावें. बंदुकीच्या कड्यांना खनिज तेल न लावतां सिलिकोनचा लेप द्यावा. त्याचप्रमाणें बंदुकीच्या टाकींत प्राणवायु भरण्याचा मोह कोणास कधींहि होऊं नये. शुद्ध प्राणवायूच्या दाबाखालीं तेलाचा डागहि स्फोटास पुरतो.

सर्वांत दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे पाणी. कोंकणांतील किंवा मुंबईच्या पावसाळी हवेंत, तीस अंश उष्णतेला, दर घनमीटरास पंचवीस ग्रॅमच्या आसपास बाष्प असतें. दहा लिटरांचें नळकांडें दोनशें वातावरणांपर्यंत भरावयाचें तर दोन घनमीटर हवा आंत जाते, आणि तिच्याबरोबर पन्नास ग्रॅम पाणी. हवा दाबून थंड केली कीं हें बाष्प आंत राहूं शकत नाहीं, त्याचें पाणी होतें. तें काँप्रेसरांतच अडवून सोडून दिलें नाहीं तर नळकांड्यांत उतरतें आणि पोलाद आंतून गंजूं लागतें. बाहेरचा रंग मात्र चकचकीत. म्हणून यंत्र चालू असतां दर पांच-दहा मिनिटांनीं पाण्याची झडप उघडावी, फवार्‍यासारखें दुधाळ पाणी बाहेर येतें तें कोरडें होईपर्यंत सोडावें, आणि नळींत बसविलेल्या गाळणींतील सिलिका जेलचा रंग पालटतांच तें बदलावें. यंत्र बंद करण्यापूर्वीं हीच झडप उघडून दाब उतरवावा, आणि पुन्हां सुरू करतांनाहि ती उघडीच ठेवावी, म्हणजे दट्ट्याला पहिल्याच फेर्‍यांत भार ओढावा लागत नाहीं. भरणी झाल्यावर जोडनळींतील हवा बाहेर सोडल्यावांचून जोड सैल करूं नये. तोच जोड दोनशें वातावरणांसह हातांतून उडाला तर बोटें वांचत नाहींत.

दहा मीटर अंतरावरील हवाबंदुकीची स्पर्धा १९८४ पासून ऑलिंपिकमध्यें आहे. मुंबईच्या अंजली भागवत २००० सालीं सिडनीस या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोंचल्या, आणि २००२ मध्यें म्युनिक येथें त्यांनीं ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हा मान मिळविला. आजच्या स्पर्धेंतील बहुतेक बंदुकांना नळीखालीं दोनशें बारचें लहान नळकांडें असतें, आणि प्रत्येक बाराला तींतील हवा नियंत्रक झडपेमधून एकाच दाबानें सुटते; जिरार्दोनीच्या शिपायाला जो हिशेब मनांत ठेवावा लागे तो आतां झडप ठेविते. या नळकांड्यावर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. जर्मन कारखाने त्याचें आयुष्य दहा वर्षें धरतात, आणि मुदत उलटलेलें नळकांडें घेऊन मैदानावर न येण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनीं नेमबाजाचीच ठरविली आहे.